मामंजींच्या खुर्चीचे पाय

समोरच्या दुकानातली वहिनी मुकी आहे, असं मी पहिले पंधरा दिवस समजत होतो. मी किल्ल्या बनवतो. रस्त्याच्या या अंगाला माझं दुकान, म्हणजे एक दार, एक खिडकी आणि एक खरखरणारं यंत्र. त्या अंगाला तिच्या सासऱ्यांचं, जुन्या खुर्च्या आणि कोच दुरुस्त करण्याचं. तिचा नवरा माझा शाळासोबती, पण त्याच्या लग्नाआधीच मी परगावी कामाला गेलो होतो. सहा वर्षांनी परत येऊन दुकान थाटलं, तर समोर ही. काहीही विचारलं की मान हलवायची, फार तर 'हुं' म्हणायची. मला वाईट वाटलं. मित्राला बाजूला घेऊन म्हटलं, "बोलता येत नसलं म्हणून काय झालं, स्वभाव चांगला दिसतो." तो इतका हसला की त्याला माझ्याच स्टुलावर बसावं लागलं.

तिच्या तोंडात खिळे असतात. या धंद्यात तशीच रीत आहे. बारीक, मोठ्या डोक्याचे मूठभर खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक वळवून ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तिथूनच उचलायचा आणि ठोकायचा. एक हात कापड ताणायला, दुसरा हातोडीला, आणि तिसरा हात देवाने दिला नाही म्हणून तोंड. मी एकदा हौसेने करून पाहिलं आणि एक खिळा गिळला. पुढचे दोन दिवस माझ्या बायकोने मला नुसती केळी खाऊ घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली. असो. त्या खिळ्यांमुळे गल्लीत तिला सगळे खिळेवहिनी म्हणतात.

ती या कामात शिरली ती कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. घर मागे, दुकान पुढे, मधे एक पडदा. मामंजींचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, एकुलता एक मुलगा बस चालवतो. गाडी सुरेख चालवतो, पण हातात हातोडी दिली की आधी स्वतःचा अंगठा ठेचतो. मामंजींनी त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते. सून आली, तिने पडद्याआडून पाहिलं की म्हातारा एकटाच घोड्याच्या शेपटीचे केस पिंजत बसलाय. जुन्या बैठकीत हेच केस भरलेले असतात. तीस-चाळीस वर्षं माणसं बसून बसून त्यांच्या गठ्ठ्याचा दगड होतो. तो बोटांनी सोडवायचा, धूळ झटकायची, धुवायचा, वाळवायचा, पुन्हा फुलवायचा. नाकातोंडात काळी धूळ जाते. ती काही न विचारता शेजारी बसली आणि पिंजायला लागली. मामंजीही काही बोलले नाहीत. एक वर्ष तिने केवळ केस पिंजले.

मग एके दिवशी ते गिऱ्हाइकाकडे गेले असताना तिने एका बुटक्या स्टुलाची कड शिवून टाकली. ही कड म्हणजे या धंद्याची खरी परीक्षा. गोणपाटाखाली केस भरून, लांब दाभण आरपार घालून, सुतळीने असे टाके घ्यायचे की आतले केस कडेला येऊन घट्ट बसले पाहिजेत. ती कड चुकली की बैठक सहा महिन्यांत पसरते. मामंजी आले, कडेवरून अंगठा फिरवला, पातं घेतलं आणि सगळे टाके सरळ उसवले. एक शब्द नाही. तिने पुन्हा शिवलं. त्यांनी पुन्हा उसवलं. असं किती वेळा झालं ते ती सांगत नाही. तिचा नवरा म्हणतो नऊ, पण त्याला कुठलाही आकडा दहाच्या आत ठेवायची सवय आहे. शेवटी एकदा अंगठा फिरवून ते म्हणाले, "बसवेल." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे दुसऱ्या कुणी हार घातल्यासारखं होतं. त्यानंतर उसवणं थांबलं, पण कौतुकही तिथेच थांबलं. वीस वर्षांत त्यांनी तिला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मला तिचा हेवा वाटायचा, हे इथे कबूल करतो. मी दिवसाला तीस किल्ल्या करतो, सगळ्या सारख्या कंटाळवाण्या. तिच्याकडे येणारी खुर्ची तिला काहीतरी सांगत असावी असं वाटायचं. ती कापड काढून आतल्या केसांवर तळवा ठेवायची आणि म्हणायची, "हे गृहस्थ उजव्या पायावर पाय टाकून बसायचे," आणि ते खरं निघायचं. स्पंजाचा ठोकळा कापून चिकटवणारे कारागीर आता गल्लोगल्ली झाले आहेत. तसल्या सोफ्यावर दोन वर्षं बसा, तिसऱ्या वर्षी खाली लाकूड टोचतं. तिने शिवलेली खुर्ची मी वीस वर्षं पाहतोय, अजून तशीच आहे.

मामंजींचे दोन नियम होते आणि दोन्ही काळ्या दगडावरची रेघ. पहिला असा की बैठक भरून झाली की तिच्यावर आधी पांढरं मांजरपाट ठोकायचं आणि जो बसणार आहे त्याला बोलावून अर्धा तास बसवायचं. त्याचा होकार आल्याशिवाय वरचं भारी कापड लावायचं नाही. जाड गिऱ्हाईक परगावी असलं की वहिनी रस्त्यापलीकडून मला हाक मारायची, "भाऊजी, जरा बसून जा." माझं वजन असं लोकांच्या कामी आलं. दुसरा नियम लाकडाचा. मूळ लाकडाला करवत लावायची नाही. मोडलं असेल तर सरसाने जोडा, कीड लागली असेल तर तेवढंच भरा, पण कापायचं नाही. "आपण दुरुस्तीवाले," मामंजी म्हणायचे. "खुर्ची आपल्या आधी होती आणि आपल्या मागे राहणार." एका श्रीमंत बाईच्या आठ खुर्च्या टेबलाखाली जाईनात म्हणून ती त्यांचे पाय दोन बोटं कापून मागत होती. मामंजींनी तिला आठही खुर्च्यांसकट परत पाठवलं आणि टेबल उंच करून घ्या म्हणून सांगितलं.

त्यांची स्वतःची एक खुर्ची होती. उंच पाठीची, दोन्ही बाजूंना डोकं टेकायला कान असलेली, शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडाची. पाय कातीव, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला कातलेला एक गोळा. त्यांच्या उस्तादांनी निरोप देताना तिचा मोडका सांगाडा त्यांना दिला होता. दोन वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. दुकान बंद करण्याआधी दहा मिनिटं त्यात बसायचे, बस्स. जुन्या सामानाचा एक व्यापारी, सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारा, दरवर्षी येऊन ती मागायचा आणि दरवर्षी चहा पिऊन परत जायचा.

दोन वर्षांपूर्वी मामंजींना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बहुतेक शब्द गेले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वहिनीला स्पष्टच सांगितलं, "हे असेच पडून राहिले तर छातीत कफ साचेल आणि त्यातच जातील. महिनाभरात रोज दोन तास तरी सरळ बसायला लागले पाहिजेत." मुलाने त्याच दिवशी आजाऱ्यांची खुर्ची आणली. चकचकीत नळ्या, काळं रेक्झीन. चौघांनी धरून बसवलं, तर ते घसरून खाली आले. दुसऱ्यांदा बसवायला गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने मला ढकललं आणि म्हणाले, "कचरा." झटक्यानंतरचा त्यांचा हा पहिला स्वच्छ शब्द. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी पाहिला. मग त्यांनी तेच बोट पडद्याकडे केलं, पलीकडच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीकडे.

म्हणजे बसणार तर त्याच खुर्चीत. पण तिचे खालचे तागाचे पट्टे सैल पडले होते आणि दोन स्प्रिंगा कुरकुरत होत्या. वहिनीने सगळी कामं बाजूला सारली आणि ती खुर्ची उघडली. आठवडाभर ती आणि ती खुर्ची. पट्टे नवे ताणले. स्प्रिंगा आठही बाजूंनी सुतळीने बांधल्या. केस काढताना तिला दिसलं की उजव्या बाजूला खोलगट झालंय, कारण मामंजी उजवीकडे रेलून बसायचे. तिने केस पिंजून परत भरले आणि ती खोलगट जागा जशीच्या तशी ठेवली, बोटभरही इकडेतिकडे नाही. मला दाखवून म्हणाली, "त्यांना कळायलासुद्धा नको की उघडली होती." तिच्या डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं, याहून चांगलं काम कुणी करू शकणार नाही. आणि खरंच कुणी केलं नसतं.

मांजरपाट लावून त्यांना बसवलं. दोन मिनिटंही झाली नसतील, ते उजवीकडे कलायला लागले. नंतर पुढेही घसरायला लागले, कारण पाय जमिनीला टेकतच नव्हते. पूर्वी ते ताठ, उंच गृहस्थ होते. आता अंग आखडून गेलं होतं. डोकं खुर्चीच्या कानावर आदळलं तेव्हा मुलाने त्यांना धरलं. वहिनी तशीच उभी राहिली. तिने खुर्ची जशी होती तशी केली होती, आणि जशी होती तशी खुर्ची ज्याला चालायची तो माणूस आता नव्हता. त्याची उजवी बाजू गेली होती आणि तिने मोठ्या मायेने तीच बाजू खोल ठेवली होती. ही चूक एखाद्या स्पंजवाल्याच्या हातून कधीच झाली नसती. त्याला मुळात तेवढं ठाऊकच नसतं.

बैठक बदलणं तिच्या हातात होतं. पायांचं काय? तिने पायाखाली पाट ठेवला, तर त्यांचा उजवा पाय त्यावरून घसरला. पाठीशी उशा लावल्या, तर ते आणखी पुढे आले. खुर्चीच्या चारही पायांखालची फरशी उकरायची का असंसुद्धा तिने नवऱ्याला विचारलं. तो रात्रंदिवस गाडी आणि औषधपाणी करून मेटाकुटीला आला होता. तो म्हणाला, "अगं काप की पाय. खुर्चीच आहे ती." दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून माझी करवत घेऊन गेलो, तर मला म्हणाली, "भाऊजी, ती आधी बाहेर ठेवा." तिला चढ्या आवाजात बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

असे सहा दिवस गेले. सहाव्या दिवशी मामंजींना खोकला सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि जाताना म्हणाल्या, कफ साचायला लागलाय. वहिनीने चूळ भरली, पदराला हात पुसले आणि पडदा सारून त्यांच्या खाटेशी जाऊन बसली. मी पडद्याजवळच होतो.

"मामंजी, खुर्चीचे पाय कापते," ती म्हणाली.

"नाही," ते म्हणाले.

"तुमचे पाय टेकत नाहीत. टेकल्याशिवाय तुम्ही बसणार नाही."

"नाही."

"मग तुम्हीच सांगा, मी काय करू? दुसरं काही असेल तर तुम्हाला माहीत असणार. मला तुम्ही शिकवलंत तेवढंच येतं."

ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग "नाही" म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती आणखी थोडा वेळ बसली. त्यांच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत तिने एक पट्टी धरली, त्यावर पेन्सिलीने खूण केली, त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आली.

"भाऊजी, तुमची करवत नको," ती म्हणाली. "त्यांचीच घेते. तुम्ही पाय धरा."

खुर्ची आम्ही कामाच्या फळीवर उलटी ठेवली. तिने चारही पायांवर खुणा केल्या. पुढचे तीन बोटं, मागचे त्याहून अर्धं बोट जास्त, म्हणजे बैठक जराशी मागे झुकेल आणि माणूस पुढे घसरणार नाही. मग तिने पहिल्या खुणेवर करवत टेकवली आणि तशीच थांबली. मी म्हटलं, "वहिनी, मी कापू का?" तिने नकारार्थी मान हलवली. तोंडात त्या दिवशी एकही खिळा नव्हता, तरी बोलली नाही. करवत पहिल्यांदा ओढली आणि पडद्याआडचा खोकला थांबला. ते ऐकत होते. जुनं लाकूड, दगडासारखं कठीण. एकेक पाय कापायला चांगला वेळ लागत होता आणि तेवढा वेळ आतून काहीच आवाज येत नव्हता. चौथा गोळा फळीवर पडला तेव्हा माझे तळहात घामाने भिजले होते. तिचे हात कोरडे होते. चारही गोळ्यांवर तिने आकडे घातले, कुठला कुठल्या पायाचा ते, मांजरपाटात गुंडाळले आणि बैठकीखाली लाकडाला बांधून टाकले. "उद्या कुणाला परत जोडायचे झाले तर," ती म्हणाली.

मग तिने ती बैठक उसवली. मायेने जपलेली सगळी खोलगट जागा मोकळी केली. उजवीकडे केस गच्च भरले, कडेला मनगटाएवढी जाड वळी शिवली, कंबरेपाशी टेकू केला. दोन दिवस ती दुकानातून हलली नाही, जेवण तिच्या नवऱ्याने हातात आणून दिलं. माझी बायको खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "आपल्याला कुणी असं शिवून घेईल का हो?" मी म्हटलं, आपण आधी कुणाचे तरी टाके नऊ वेळा उसवायला पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजींना त्या खुर्चीत बसवलं. पाय जमिनीवर सपाट टेकले. अंग उजवीकडे गेलं, पण वळीने अडवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलगा घड्याळाकडे बघत होता. मी उगाच दाराची कडी तपासत होतो. चाळीस मिनिटं ते बसले, आणि चाळीसही मिनिटं त्यांनी वहिनीकडे पाहिलं नाही. आठवड्याने ते दोन तास बसायला लागले. खोकला कमी झाला. डाव्या हाताने जेवायला लागले. डॉक्टरीणबाई स्वतः त्या खुर्चीत बसून बघून गेल्या.

पण सुनेशी एक शब्द नाही. मुलाशी बोलायचे, माझ्याशी "किल्लीवाल्या, ये" एवढं तरी म्हणायचे, तिने घास पुढे केला तर खायचे, पण बघायचे भिंतीकडे. दीड महिना असं चाललं. मला राग यायचा. जिच्यामुळे श्वास चाललाय तिच्यावरच रुसून बसायचं, हा कुठला न्याय? एकदा मी तिला तसं बोललोही. ती टाका घेत घेत म्हणाली, "बोलत नाहीत, पण बसतात. मला ते बसलेले हवेत." वरचं हिरवं कापडही तिने लावून टाकलं. होकाराचं काय म्हणून मी चिडवलं तर म्हणाली, "रोज दोन तास बसतात, तोच होकार."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो सोनेरी चष्मेवाला व्यापारी त्यांना बघायला आला. मामंजी दुकानात, दाराशी, उजेडात बसले होते. वहिनी पलीकडे एका खुर्चीच्या पाठीला टाके घालत होती आणि मी नेहमीसारखा माझं दुकान उघडं टाकून तिथे होतो. त्याने तब्येत विचारली, चहा घेतला, आणि मग त्याची नजर खाली गेली.

"काका," तो म्हणाला, "गोळे कुठे गेले?"

तो वाकला, चष्मा वर केला, एका पायाच्या कापलेल्या टोकावर बोट ठेवलं.

"करवतीने कापलेत. काका, अहो या खुर्चीची माती केली. तुमच्या दुकानात? कुणी केलं हे?" आणि तो वहिनीकडे वळला. दुकानात दुसरं कोण होतं? माझ्याकडे बघण्याइतकाही त्याला माझा भरवसा नव्हता. चार पाय धरणारे हात माझे होते, तरी मी तोंड उघडलं नाही.

वहिनीने दाभण खाली ठेवलं. "मी—" तिने सुरुवात केली.

"मी," मामंजी म्हणाले.

व्यापारी त्यांच्याकडे वळला. मामंजींना एकेक शब्द तोंडात जुळवावा लागत होता. आम्ही सगळे थांबलो.

"मी कापले. ही नको म्हणत होती."

"तुम्ही? तुम्ही लाकडाला करवत लावलीत?"

"लावली." त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. "पाय टेकत नव्हते."

व्यापारी उरलेला चहा पीत राहिला. वहिनीने दाभण पुन्हा उचललं आणि त्यात सुतळी ओवायला लागली. दाभणाचं भोक चांगलं मोठं असतं, पण तिला ते बराच वेळ सापडलं नाही.